बेणारेबाईंचं स्वगत: घड्याळात दहा सेकंद, तालमीत नऊ मिनिटं

प्रश्न थोडक्यात असा आहे. लिहिणारी २६ वर्षांची, मिरजेच्या बाजूची, प्राथमिक शाळेत शिक्षिका. तिची हौशी संस्था यंदा राज्य नाट्य स्पर्धेसाठी विजय तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ बसवते आहे आणि लीला बेणारे तिच्या वाट्याला आली आहे. बेणारे म्हणजे नाटकमंडळींनी खेळ म्हणून मांडलेल्या खोट्या कोर्टात आरोपी झालेली, लग्नाआधी गरोदर राहिलेली शिक्षिका. तिसऱ्या अंकातलं शेवटचं स्वगत तालमीत नऊ मिनिटं चालतं. दुसऱ्या मिनिटाला तिला रडू फुटतं, चौथ्यानंतर सगळं सपाट होतं, आणि मधले तुकडे उलटेपालटे होतात. दिग्दर्शक म्हणतात, “अजून आतून येऊ दे.” संस्थेतल्या ज्येष्ठांचं म्हणणं, मामाचा भाग, म्हणजे चौदाव्या वर्षी मामावर जडलेल्या प्रेमाचा, कापावा, आपल्याकडे बरं दिसणार नाही. आता काय करू, असं ती विचारते.

अगं, ‘मॅडम’ राहू दे. ताई म्हण, म्हणजे मलाही मोकळं बोलता येईल.

बेणारे मी दोनदा केली. सत्ताविसाव्या वर्षी आणि मग अडतिसाव्या. नंतर तीन मुलींकडून करून घेतली. पहिल्या वेळी मीही तुझ्यासारखीच रडले, अगदी पहिल्या वाक्यापासून. प्रयोग संपल्यावर विंगेत बायका गळ्यात पडल्या, मला वाटलं आपण मैदान मारलं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू भेटल्या. तिसऱ्या रांगेत बसून त्यांनी नाटक पाहिलं होतं. म्हणाल्या, “छान केलंस हो, मला पण रडू आलं. पण मग तिनं शेवटी ठरवलं काय?”

मला उत्तर देता येईना. नऊ मिनिटं बोलून ती काय ठरवते हे काकूंपर्यंत पोचलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर माझ्यापर्यंतही पोचलं नव्हतं.

म्हणून आधी संहिता घेऊन बस आणि एक गोष्ट बघ. या स्वगतात माहिती म्हणून नवीन काय आहे? जवळजवळ काही नाही. मामाचं प्रकरण कर्णिकनं, तिच्याच मंडळीतल्या साक्षीदारानं, आधीच साक्षीत सांगून टाकलेलं असतं. प्राध्यापक दामले, म्हणजे पोटातल्या मुलाचे वडील, रोकडेच्या साक्षीत येऊन गेलेले असतात. पर्समधली टिक-२० या ढेकणांच्या औषधाची बाटली पोंक्षेनं उघड केलेली असते. नोकरी जाणार हे न्यायाधीश झालेल्या काशीकरांच्या तोंडून कळलेलं असतं. म्हणजे तुझ्या तोंडचं पहिलं वाक्य येईपर्यंत प्रेक्षकाला सगळं ठाऊक आहे, फक्त ते दुसऱ्यांच्या तोंडून, चवीनं चघळलेलं. स्वगतात येते ती तिची बाजू, आणि तिचा शेवटचा निर्णय: हे शरीर, ज्याचा तिला तिटकारा आहे, ते तिला आता त्या मुलासाठी हवंय. बातमी फोडल्यासारखं मामाचं नाव घेऊ नकोस. बातमी फुटलेली आहे. ती आता दुरुस्त करायची आहे.

याच्यातच तुझ्या ज्येष्ठांना उत्तर आहे. मामाचा भाग कापला तर मामा नाटकातून जात नाही, कर्णिकची साक्ष उरतेच. जाते ती फक्त बेणारेची बाजू. मग तुमच्या प्रयोगात कोर्टाचंच म्हणणं खरं ठरतं, आणि ते लेखकानं नव्हे तर तुमच्या कमिटीनं ठरवलेलं असतं. शिवाय संहितेला कात्री लावायची तर हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांची परवानगी लागते. परीक्षकांपुढे संहिता असते आणि गाळलेलं त्यांना दिसतं. हे दोन मुद्दे शांतपणे मांड. पहिला पटला नाही तरी दुसरा पटतो, असा माझा अनुभव आहे.

आता मुख्य गोष्ट. काशीकर शिक्षा सुनावण्याआधी आरोपीला बोलायला किती वेळ देतात? दहा सेकंद. हातात घड्याळ धरून. मग प्रकाश बदलतो, संगीत येतं, सगळं कोर्ट जागच्या जागी थिजतं आणि ती उठते. ती बोलून संपते, अंधार होतो, पुन्हा उजेड येतो, घड्याळाची टिकटिक ऐकू येते, ती आरोपीच्या जागी जशीच्या तशी, आणि काशीकर म्हणतात की वेळ संपली, आरोपीला काही सांगायचं नाही.

म्हणजे कोर्टाच्या हिशेबी ती एक अक्षर बोललेली नाही.

तुझ्या सगळ्या अडचणींची किल्ली मला इथंच सापडली. रडण्याची, तुकडे विसरण्याची, सपाट होण्याचीसुद्धा. संस्कृत नाटकात स्वगत याचा अर्थच तो, रंगमंचावरच्या इतर पात्रांना न ऐकू जाणारं बोलणं. आपल्या जुन्या नाटकांत पात्र एक पाऊल पुढं येऊन प्रेक्षकांना मनातलं सांगून टाकायचं. इथं लेखकानं तीच जुनी सोय घेतली आणि तिचा सुरा केला. ऐकायला बसलेली सात माणसं समोर आहेत, नियमानं तिला बोलायची संधीही दिली आहे, आणि तरी हे कुणालाच ऐकू जाणार नाही. ‘नटसम्राट’मधले अप्पासाहेब याच्या अगदी उलटे. तो माणूस जन्मभर ऐकवण्यासाठी बोलला, त्याला समोर कुणी नसलं तरी थिएटर भरलेलं दिसतं. त्या थाटात बेणारे बोलायला गेलीस की भाषण होतं. स्पर्धेत मी हे इतक्यांदा पाहिलंय की आता पहिल्या तीन वाक्यांत कळतं.

दहा सेकंद डोक्यात घेतलेस की रडण्याचा प्रश्न तांत्रिकच होऊन बसतो. अंधार जाऊन उजेड येईल तेव्हा तू पुतळ्यासारखी दिसली पाहिजेस, काहीच घडलं नाही अशी. नाक लाल, छाती धपापते आहे, काजळ गालावर, असं असेल तर ‘आरोपीला काही सांगायचं नाही’ या वाक्याचं कामच संपलं. प्रेक्षक म्हणेल, अहो, बोलली की ती नऊ मिनिटं. दुसरं म्हणजे, रडण्याची जागा लेखकानं ठेवलेली आहे आणि ती स्वगतानंतर येते. काशीकर पोटातल्या मुलाबद्दल निकाल देतात तेव्हा ती ओरडते, नाही म्हणते, हुंदके देत कोसळते. तिथंपर्यंत रडू राखून ठेव. स्वगतातच खर्च केलंस तर तिथं तुझ्याकडे फक्त आवाज वाढवणं उरतं, आणि मग नाटकाचा शेवट किंचाळण्याचा होतो.

“पण ताई, येतंच रडू, काय करू?” येऊ दे ना. तालमीत पहिले आठ-दहा दिवस खुशाल रड. ते तुझं रडू आहे, तिचं नाही, ते वाहून गेलेलं बरं. मग एक दिवस मुद्दाम उलटं कर. संपूर्ण स्वगत असं बोल की ती रडू नये म्हणून धडपडते आहे. ही बाई वर्षानुवर्षं मुलांसमोर आतून रडली आणि वरून त्यांना हसवत राहिली, असं ती स्वतःच सांगते. म्हणजे रडू दाबण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही. आपण माणूस रडताना पाहून हलतो त्याहून न रडण्याचा प्रयत्न करताना पाहून जास्त हलतो; घरात कुणी गेलं की भेटायला येणाऱ्यांना चहा विचारणारी बाई आठव.

आणि हो, विनोद. पहिल्या अंकात बेणारे काय करते? त्या गावच्या सामंतासमोर आपल्या ग्रुपमधल्या एकेकाची नक्कल करते. ती पक्की नकलाकार आहे. ते कौशल्य तिसऱ्या अंकात मेलेलं नाही. वकील झालेले सुखात्मे आपल्या भाषणात ‘न स्त्री स्वातंत्र्यमर्हति’, म्हणजे स्त्री स्वातंत्र्याच्या लायकीची नाही, असं फेकतात, आणि स्वगतात ती त्याच साच्यात जीवनच जीवनाच्या लायकीचं नाही असं संस्कृतात फिरवून मारते. ‘मिलॉर्ड’ म्हणते, जीवनाला फाशी द्या म्हणते, त्याला कामावरून काढून टाका म्हणते. हे वकिलाचं विडंबन आहे गं! तुमच्या सुखात्म्यांचा सूर ऐक, ते संस्कृत कसं म्हणतात, कुठं थांबतात, अंगठा कुठं अडकवतात ते बघ, आणि त्यातली एकच लकब उचल. एका प्रयोगात तिथं प्रेक्षक हसले होते आणि माझ्या पोटात गोळा आला. नंतर लक्षात आलं, ते हसले म्हणूनच पुढचं त्यांना झोंबलं.

आता ते सपाट होण्याबद्दल. तू लिहितेस की चौथ्या मिनिटानंतर ‘एकच सूर लागतो’. एकच सूर लागतो कारण तू एकाच माणसाशी बोलते आहेस, बहुधा प्रेक्षागृहातल्या अंधाराशी. वही घे आणि स्वगत परिच्छेदांनी नव्हे, ‘कुणाशी’ या प्रश्नानं तोड. कोर्टाशी. आपल्या गप्प ओठांशी, इतकी वर्षं बोलले नाही म्हणून. शाळेशी, कामात काय कसूर केली म्हणून. या थिजलेल्या सुसंस्कृत चेहऱ्यांशी. समोर नसलेल्या वर्गाशी. मामाशी. त्या बुद्धिमान देवाशी, म्हणजे दामलेंशी, जो नैवेद्य घेऊन निघून गेला. स्वतःच्या शरीराशी. आणि शेवटी पोटातल्या मुलाशी, खरं म्हणजे मुलासाठी कुणाशी तरी. प्रत्येक तुकडा वेगळ्या पानावर हातानं लिही, मोबाइलमध्ये नको. समासात एक क्रियापद लिही: हजेरी घेते, हिशेब मागते, खोडी काढते, माफी नाकारते, पदरात घेते. ‘दुःखी आहे’, ‘चिडली आहे’ असलं काही लिहायचं नाही. दुःखी असणं करता येत नाही, हिशेब मागता येतो.

वर्गाचा तुकडा तर तुला आंदण मिळाला आहे. मी शिक्षिका नव्हते, मला ते शिकायला एका शाळेत जाऊन मागच्या बाकावर बसावं लागलं. घंटा होते आणि चाळीस मुलांना गप्प करायचं असतं तेव्हा तू ओरडतेस का? नाही. आवाज खाली आणतेस, एका मुलाकडे बघतेस, बोट ओठांवर नेतेस. नेमकं तेच कर. रंगमंचावरच्या बाईसारखं नको, सोमवारी सकाळी पावणेअकराला तू करतेस तसं. ती शाळेची घंटा कधी चुकवत नाही, वेळेवर पोचण्याचा तिला अभिमान आहे, हे पहिल्या अंकापासून पेरलेलं आहे. नऊ मिनिटांत या बाईला आनंद होतो अशी हीच एक जागा. ती आनंदात गेली तर पुढचा मामा प्रेक्षकाला पोटात लागतो.

मामाच्या तुकड्याला थोडं थांबू. आज आपण वाचतो तेव्हा चौदा वर्षांची मुलगी आणि घरातला मोठा पुरुष, एवढं कळल्याबरोबर पुढचं सगळं कळतं. २०१२ पासून आपल्याकडे पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणारा कायदा, आहे, तू शाळेत त्याचं प्रशिक्षणही घेतलं असशील. बेणारेकडे तो शब्द नाही. ती म्हणते, पाप मी केलं. ती त्याला प्रेम म्हणते, लग्नाचा हट्ट धरल्याचं सांगते, मग तो शूर पुरुष शेपूट घालून पळाला असं म्हणते. तू तिच्या डोक्यावरून प्रेक्षकांना डोळा घालू नकोस की ‘बघा, हिला कळत नाहीये’. ती मानते ते पूर्ण मान. प्रेक्षक आजचे आहेत, अंतर त्यांचं ते मोजतील. तुमच्या भागात आणखी एक गंमत आहे, गंमत म्हणजे पेच. दक्षिण महाराष्ट्रात काही समाजांत मामा-भाचीचं लग्न होतं, अजूनही. तिथल्या प्रेक्षकाला ‘मामा’ या शब्दाचा धक्का मुंबईच्या प्रेक्षकासारखा बसणार नाही. त्याला धक्का बसेल तो लग्नाला नकार देऊन पळण्याचा. वजन तिकडं टाकून बघ. मी सांगलीत हे केलं नव्हतं, आता वाटतं करायला हवं होतं.

काळाचाही विचार कर. ‘रंगायन’ या नाट्यसंस्थेनं हे नाटक १९६७ साली केलं, दिग्दर्शन अरविंद देशपांडे, बेणारे सुलभा देशपांडे. गर्भपाताला कायद्यानं वाट मिळाली ती १९७१च्या कायद्यानं, आणि तो लागू झाला एप्रिल १९७२मध्ये. म्हणजे या बाईपुढं लग्न, मरण, किंवा गुन्हा एवढंच होतं. म्हणून ती रोकडेला लग्नाचं विचारते, पोंक्षेला विचारते. म्हणून पर्समध्ये टिक-२०. (माझ्या एका विद्यार्थिनीला टिक-२० ही गोळी वाटत होती. बाटली असायची, ढेकणांचं औषध, कोनाड्यात मुलांचा हात पोचणार नाही असं ठेवलेलं. ते कशाला लागायचं हे कुणा आजीला विचार. ढेकणांची चाळ माहीत नसेल तर ती बाटली नुसती प्रॉपर्टी, रंगमंचावरची एक वस्तू, होते.)

‘जीवन म्हणजे’वाल्या वाक्यांची माळ ही सगळ्यात धोक्याची जागा. प्रत्येक नटी तिथं पायऱ्या चढते, एकेका वाक्याला पट्टी वाढवत, आणि वर पोचली की टाळीची वाट बघते. ती चढण नाही. तिला व्याख्या सापडत नाहीये म्हणून ती एकामागून एक करून टाकून देते आहे. मी मुलींना असं करायला लावते: प्रत्येक व्याख्या एका चिठ्ठीवर, चिठ्ठ्या टेबलावर उलट्या. एक उचल, वाच, पटते का बघ, नाही पटली, चुरगळून टाक, दुसरी उचल. कागद चुरगळायला जो वेळ लागतो तोच तुझा पॉझ. चार दिवसांनी चिठ्ठ्या काढून घ्यायच्या, हाताला ती आठवण राहते. एका मुलीचा हात प्रयोगातही मिटत होता, मी तो तसाच ठेवला.

आता पाठांतर. तुकडे उलटेपालटे होतात ते तुकडे पाठ नाहीत म्हणून नव्हे, सांधे पाठ नाहीत म्हणून. शाळेपासून ती नोकरीपर्यंत का जाते, तिथून शरीरावर का येते, हे माहीत नसेल तर जीभ जवळची दिसेल त्या फांदीवर उडी मारते. एका कार्डावर फक्त सांधे लिही: या तुकड्याचा शेवटचा शब्द, पुढच्याचा पहिला, आणि मधे ‘कारण’. तेवढंच कार्ड पर्समध्ये ठेव. वाक्यं पाठ करायची ती कोरडी, चालीशिवाय, मेथी निवडताना, भांडी घासताना. भावनेसकट पाठ केलेलं वाक्य पुढं भावना बदलू देत नाही. चाल बसते ती बसते. आणि पहिले तीन आठवडे यूट्यूबवर कुणाचीही बेणारे बघायची नाही. सत्यदेव दुबेंचा १९७१चा सिनेमासुद्धा नाही, त्यात सुलभाताई आहेत आणि त्या एकदा कानात बसल्या की उठत नाहीत.

वाचिकाबद्दल, म्हणजे संवाद बोलण्याबद्दल, एकच सांगते, कारण नव्वद टक्के पोरी तिथंच मार खातात. मराठी वाक्याचा जीव क्रियापदात असतो आणि ते येतं शेवटाला. श्वासही संपतो शेवटालाच. ‘मी त्या दिवशी घरी गेलेच नाही’ हे वाक्य घे. ‘नाही’ गिळलंस तर मागच्या रांगेतल्या माणसाला तू घरी गेलीस. स्वगताची सुरुवातच मुळी इतकी वर्षं न बोलण्याबद्दल आहे, आणि तिथं ‘नाही’ पडलं तर अर्थाचा पार उलटा. म्हणून दोन आठवडे उलटी तालीम कर. प्रत्येक वाक्याचा फक्त शेवटचा शब्द मोठ्यानं, बाकीचं मनात. मग शेवटचे दोन शब्द. मग पूर्ण वाक्य. उताणी पडून, पोटावर जाडं पुस्तक ठेवून कर, पुस्तक वर गेलं की श्वास बरोबर जागी आला. कुजबूज करायची असेल तिथंही आवाज हवा, नुसती हवा नको. स्पर्धेच्या थिएटरात वर टांगलेला माइक तुझी हवा पकडत नाही, पंख्याची मात्र पकडतो.

आणखी एक गोष्ट, जी मला कुणी सांगितली नव्हती. तिसऱ्या अंकात बेणारे जवळजवळ सगळा वेळ गप्प बसलेली असते. बाटली तोंडाला लावायला जाते आणि कर्णिक ती उडवतो, अशा एखाददुसऱ्या हालचाली सोडल्या तर ती दगड. किती वेळ होतो मोजून बघ, आमच्याकडे अर्ध्या तासाच्या आसपास जायचा. एवढा वेळ तोंड मिटून, दिव्यांखाली, आणि मग एकदम उठून सलग नऊ मिनिटं. माझा पहिला शब्द त्या रात्री फुटला, बेडकासारखा. घसा कोरडा, एका पायाला मुंग्या, उठताना तोल गेला. लोकांना वाटलं अभिनय.

म्हणून त्या गप्प बसण्याचीसुद्धा तालीम करायची. अंकाआधी मध्यंतरात कोमट पाण्याच्या गुळण्या. बसल्या जागी जीभ टाळूला दाबून तोंड ओलं ठेवायचं, पायाची बोटं चपलेत हलवत राहायची, वजन एकदा डाव्या मांडीवर एकदा उजव्या, बाहेरून काही दिसत नाही. श्वास खाली, पोटातून. आणि कान उघडे. प्रत्येक साक्षीत एक वाक्य असं निवड, जे ऐकून तिला उत्तर द्यायचं असतं आणि ती देत नाही. ते न दिलेलं उत्तर ओठांपर्यंत आण आणि गीळ. रोज तेच वाक्य नको, आज रोकडेचं, उद्या काशीकरबाईंचं. एवढं केलंस तर स्वगत सुरू करण्यासाठी तुला ‘आतून’ काही आणावं लागत नाही. ते आधीच घशाशी येऊन थांबलेलं असतं. तुझ्या दिग्दर्शकांना हवंय ते बहुतेक हेच आहे, त्यांना सांगता येत नाहीये इतकंच. बाकी स्वतःच्या आयुष्यातलं एखादं दुखणं उकरून वापरायला जाऊ नकोस. ते दोन प्रयोग पुरतं, तिसऱ्याला खपली धरते, आणि मग तू रंगमंचावर उभी राहून ती खपली शोधत बसतेस.

ती पहिली कृती मात्र पाळ. संहितेत ती उठल्यावर हात मोकळे करते, आळोखे दिल्यासारखे. मुली हे गाळतात, गंभीर प्रसंगी आळस कसा द्यायचा म्हणून. अर्धा तास आखडून बसलेल्या बाईला दुसरं काय सुचणार? तुझ्या शरीराला ती गरज खरोखरच असेल. खांदे सोड, मान फिरव, हाड वाजलं तर वाजू दे.

थिजलेल्या मंडळींमधून फिरताना थोडी सावध. त्यांच्या डोळ्यांत बघू नकोस, बघितलंस की तो पापणी लववणारच, आणि एकाची लवली की पहिल्या रांगेतलं पोर हसतं. भुवयांच्या मधोमध बघ. चेहऱ्याच्या वीतभर जवळ जा पण हात लावू नकोस. तालमीत त्या सातही जणांना नऊ मिनिटं खरंच थिजायला लाव, ‘आज नुसते बसा’ चालणार नाही. काशीकरांचा घड्याळ धरलेला हात सगळ्यात आधी थरथरतो. त्यांना कोपर टेबलाला टेकवून द्या.

पार्श्वसंगीताबद्दल तू विचारलंस. प्रकाश बदलतो तिथं संगीत हवंच, ते संहितेत आहे. पण संगीतकाराला सांग, तुझ्या तिसऱ्या-चौथ्या वाक्यापर्यंत ते विरलं पाहिजे. मामापाशी पुन्हा बासरी आणि मुलापाशी अंगाईची धून, असलं काही निघालं तर दिग्दर्शकांशी भांड. माझ्या वतीनं भांड.

शेवटाकडे. मुलाचा तुकडा डोळे मिटून, जवळजवळ स्वतःशी असतो, आणि लगेच अंधार. त्या अंधारात तुला पिंजऱ्यात परत पोचून जशीच्या तशी बसायचं आहे. म्हणून मामानंतर हळूहळू तिकडं सरकत राहायचं, शेवटचं वाक्य आरोपीच्या जागेपासून दोन पावलांवर यायला हवं. जमिनीवर रेडियमची पट्टी लावून घे, तरी विसंबू नकोस. डोळ्यांवर ओढणी बांधून वीस वेळा ती दोन पावलं कर. स्वगताआधी तुझी मान कुठं होती, डावा हात कुठं होता, याचा एक फोटो रंगीत तालमीला काढून ठेव आणि परत बसल्यावरचा दुसरा. दोन्ही फोटो सारखे दिसेपर्यंत माझ्याकडे ‘झालं’ म्हणून लिहू नकोस. डिमरवाल्याशी, म्हणजे दिवे सांभाळणाऱ्याशी, स्वतः बोल, दिग्दर्शकांमार्फत नको. त्याला विचार, अंधाराचे किती सेकंद देशील, आणि तेवढे मोजून घे. आम्हाला चार मिळायचे.

वेळेची काळजी करू नकोस. नऊ मिनिटांतली दीड-दोन मिनिटं हुंदक्यांची आहेत, ती गेली की सात-साडेसातवर येशील, एक अक्षर न कापता.

आणि एक राहिलंच. अगदी शेवटी, ती कोसळल्यावर, सामंत आपल्याजवळचा हिरवा कापडी पोपट तिच्याजवळ ठेवतो आणि तिच्याच आवाजातलं चिमणीचं गाणं ऐकू येतं. ते प्रयोगाच्या आठवड्यात रेकॉर्ड करायला जाऊ नका, तेव्हा तालमींनी तुझा घसा बसलेला असेल. याच रविवारी सकाळी करून घ्या. वर्गातल्या पहिलीच्या पोरांना म्हणून दाखवतेस तसंच म्हण, संथ, टाळ्यांच्या ठेक्यावर.